आणखी एक डिस्क : सामायिक साठवणीच्या सत्तर वर्षांचा हिशेब

२०१५ सालच्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती करायला दहा सेकंद लागले असतील. ती उघडकीला यायला चौदा महिने लागले, आणि ती का झाली हे नीट समजायला पुढची आठ-नऊ वर्षे गेली. हा लेख त्या समजून घेण्यातून आलेला आहे.

आरंभीच सांगतो की मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरी एका पतसंस्थेत हिशेबनिसाची. जुनी नियतकालिके आणि कागदपत्रे गोळा करण्याचा नाद मात्र कॉलेजपासूनचा. आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयात जुन्या अंकांना वाळवी लागली, तेव्हा आम्ही तिघा-चौघांनी वर्गणी काढून स्कॅनर घेतला आणि पाने उतरवून ठेवायला सुरुवात केली. पाने वाढली तशी जागा पुरेना. एका कार्यालयाने मोडीत काढलेला सर्व्हर मिळाला. त्यात चार हार्ड डिस्क बसवल्या आणि वाचून-वाचून त्या चारांचा एक सामायिक संच केला. सामायिक म्हणजे असा, की वाचनालयातील संगणकांना चार वेगळ्या डिस्क दिसत नसत, एकच मोठे कपाट दिसे. शिवाय चारांतली कोणतीही एक डिस्क निकामी झाली तरी एकही पान हरवणार नाही, अशी त्यात सोय होती.

२०१५ मध्ये ते कपाट भरले. पाचवी डिस्क आणली, बसवली आणि संचात घेण्याची आज्ञा दिली. यंत्राने नकार दिला. नवा घटक बाकीच्यांइतका सुरक्षित नाही, तरीही हवा असेल तर सक्तीने जोडा, असा त्याचा संदेश होता. मी सक्ती केली. जागा वाढली आणि काम पुढे सुरू झाले. चौदा महिन्यांनी ती पाचवी डिस्क बंद पडली. पहिल्या चार डिस्क धडधाकट होत्या, तरी संच उघडेचना. बाहेरच्या एका डिस्कवर जुनी प्रत होती, म्हणून बरेचसे परत मिळाले. शेवटच्या काही महिन्यांतली सुमारे अकराशे पाने मिळाली नाहीत. त्यांत एका दिवंगत शिक्षकांच्या पत्रव्यवहाराचे बाड होते. मूळ पत्रे आम्ही घरच्यांना परत केली होती, आणि मधल्या काळात घर आवरताना ती रद्दीत गेली होती.

दोष सर्वस्वी माझा होता. सूचना मिळाली होती, ती मी ओलांडली. पण एक प्रश्न मनातून जाईना. चारांच्या संचात पाचवी डिस्क घेणे ही किती साधी गरज! कपाट भरले की माणूस आणखी एक फळी ठोकतो. मग या संचात ती फळी ठोकायला सरळ वाट का नव्हती? याचे उत्तर शोधताना मला साठवणीच्या यंत्रांचा सारा इतिहास उलगडावा लागला.

एकट्या डिस्कचा काळ

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ चा. अमेरिकेत सॅन होझे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने ती घडवली. रॅमॅक या संगणकाला जोडलेल्या त्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर फिरत. वजन सुमारे एक टन आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. आज मोबाईलने काढलेला एक फोटो त्यात जेमतेम मावेल.

पुढची पंचवीस-तीस वर्षे डिस्क ही अशीच धिप्पाड आणि महागडी वस्तू राहिली. मोठ्या कंपनीच्या संगणककक्षात अशी अनेक यंत्रे ओळीने उभी असत, पण प्रत्येक यंत्र स्वतंत्र असे. कोणती खतावणी कोणत्या डिस्कवर ठेवायची हे तिथला कर्मचारी ठरवी. या व्यवस्थेत नवी डिस्क आणणे ही हिशेबाच्या दृष्टीने अगदी सोपी गोष्ट होती. नवे कपाट आले, त्याला नवा क्रमांक दिला, नव्या फायली त्यात ठेवल्या, एवढेच. जुन्या कपाटांना हात लावावा लागत नसे.

पुढे अनेक डिस्क मिळून एकच मोठी जागा दिसावी, अशी मागणी आली. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या व्हीएमएस प्रणालीत अनेक डिस्कांचा एक संच बांधता येई. १९८० च्या दशकात तिच्या व्हॅक्सक्लस्टर व्यवस्थेत अनेक संगणक त्याच डिस्क वाटून वापरू लागले. अशा बांधलेल्या संचात नवी डिस्क घेता येत असे, पण घेतलेली डिस्क पुन्हा बाहेर काढता येत नसे. फायली साऱ्या संचात विखुरलेल्या, त्यामुळे एक डिस्क गेली की संच लंगडा होई. माझी २०१५ ची चूक नेमकी याच जातीची होती, हे मला फार उशिरा कळले.

ताळ्याची युक्ती

एक डिस्क गेली तरी काही हरवू नये, याचा सरधोपट उपाय म्हणजे प्रत्येक गोष्ट दोन डिस्कांवर लिहिणे. टँडम कंपनी आपल्या न थांबणाऱ्या संगणकांत १९७० च्या दशकापासून हेच करी. पण त्यात निम्मी जागा खर्ची पडते. याहून काटकसरीची युक्ती हिशेबनिसाला चटकन कळेल अशी आहे. तिला मी 'ताळा' म्हणतो.

समजा, तीन डिस्कांवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज लिहा, २०. आता दुसरी डिस्क जळाली. २० मधून ७ आणि ९ वजा केले की ४ परत मिळाले. तीन डिस्कांच्या मालाला एका डिस्कचे संरक्षण. यंत्र फक्त शून्य आणि एक जाणते, म्हणून बेरजेऐवजी ते एकांची संख्या सम आहे की विषम एवढेच टिपून ठेवते. तत्त्व तेच. आयबीएमच्या नॉर्मन केन ऊची यांना निकामी झालेल्या घटकातील माहिती अशा रीतीने परत मिळवण्याचे पेटंट १९७८ मध्ये मिळाले होते.

ही युक्ती जगभर पोहोचली ती मात्र १९८८ मध्ये. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षी एक निबंध सादर केला. वैयक्तिक संगणकांमुळे तोवर लहान, स्वस्त डिस्क बाजारात आल्या होत्या. या तिघांनी आयबीएमची ३३८० ही कपाटाएवढी डिस्क आणि कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क शेजारी-शेजारी मांडल्या. पहिलीची क्षमता ७,५०० मेगाबाइट आणि विजेची भूक ६,६०० वॅट. दुसरीची क्षमता १०० मेगाबाइट आणि भूक १० वॅट. मग एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी शंभर स्वस्त डिस्क एकत्र का बांधू नयेत? जागा जास्त मिळेल, वीज कमी लागेल आणि शंभर ठिकाणी एकाच वेळी वाचता-लिहिता येईल.

अडचण एकच होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर शंभरांपैकी कोणती तरी एक सरासरी ३०० तासांत जाणार. म्हणजे दोन आठवडेही नाहीत. म्हणून ताळा हवाच. तो कसा ठेवायचा याच्या त्यांनी पाच पायऱ्या मांडल्या आणि व्यवस्थेला 'रेड' हे नाव दिले. इंग्रजी नावातील आद्याक्षरांचा अर्थ होता, स्वस्त डिस्कांची जादा राखीव असलेली रांग.

या पाच पायऱ्यांपैकी चौथी आणि पाचवी आपल्या कथेसाठी महत्त्वाच्या आहेत. चौथ्या पायरीत ताळ्यासाठी एक डिस्क कायमची राखून ठेवलेली असते. तिच्यातला दोष असा, की कोणत्याही डिस्कवर काही लिहिले तरी ताळा बदलावा लागतो, आणि साऱ्या लिखाणाची गर्दी त्या एकाच डिस्कच्या दारात होते. पाचव्या पायरीत ताळा आळीपाळीने सगळ्या डिस्कांवर फिरवला जातो. पहिल्या ओळीचा ताळा चौथ्या डिस्कवर, दुसऱ्या ओळीचा तिसऱ्या डिस्कवर, याप्रमाणे. गर्दी फुटते आणि काम वेगाने होते. बाजाराने पाचवी पायरी उचलून धरली. चौथी जवळपास अडगळीत गेली.

शून्याने भरलेली डिस्क

आता पुन्हा आपल्या बेरजेकडे येऊ. डिस्कांवर ७, ४, ९ आणि ताळ्याच्या डिस्कवर २०. या संचात आणखी एक डिस्क घ्यायची आहे. ती आधी पूर्ण शून्यांनी भरा आणि मग संचात बसवा. ७ अधिक ४ अधिक ९ अधिक शून्य, बेरीज वीसच! ताळा बदलावा लागला नाही, जुना एकही आकडा हलला नाही, आणि नवी डिस्क पहिल्या क्षणापासून संरक्षणाखाली आली.

हे मी प्रथम वाचले तेव्हा रात्री उठून वहीत मांडून पाहिले. इतके सोपे होते तर! पण हे फक्त चौथ्या पायरीत सोपे आहे, कारण तिथे ताळ्याची जागा ठरलेली आहे.

नेटवर्क अप्लायन्स या १९९२ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने नेमके हे हेरले. डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये आपल्या फाइलव्यवस्थेवर निबंध लिहिला. त्यांची यंत्रे अडगळीतल्या चौथ्या पायरीवर चालत. ताळ्याच्या डिस्कपाशी होणाऱ्या गर्दीवर त्यांनी वेगळा उपाय काढला होता. त्यांची व्यवस्था जुन्या जागी दुरुस्ती करत नसे. नवे लिखाण ती साठवून घेई आणि रिकाम्या जागी शक्य तेवढी अख्खी ओळ एकदम लिही. ओळ पुरी लिहिली की ताळा एकदाच लिहावा लागतो. गर्दीचा प्रश्न असा सौम्य झाल्यावर चौथ्या पायरीचा गुण तेवढा हाती राहिला. गिऱ्हाइकाला एकेक डिस्क वाढवता येऊ लागली, आणि तीही काम न थांबवता.

याच कंपनीच्या अभियंत्यांनी २००४ मध्ये दोन ताळ्यांची पद्धत प्रसिद्ध केली, एक आडवा ताळा आणि एक तिरका. एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तरी ती तरते. तिच्यातही शून्यांनी भरलेली डिस्क घेण्याची मुभा त्यांनी राखली होती. वाढीचा विचार आरंभीच केलेला असला की तो पुढे किती पिढ्या पुरतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पाचव्या पायरीची किंमत

बहुसंख्य जग मात्र पाचव्या पायरीवर गेले होते, आणि तिथे शून्याची युक्ती पुरत नाही. एका ओळीत तीन माल आणि एक ताळा अशी घडी असते, तीही फिरती. पाचवी डिस्क आली की प्रत्येक ओळीत चार माल आणि एक ताळा हवा. म्हणजे दुसऱ्या ओळीचा पहिला जिन्नस पहिल्या ओळीत चढणार, तिसऱ्या ओळीतले दोन दुसऱ्या ओळीत, आणि हे शेवटपर्यंत. पंगतीत चार-चार जणांच्या रांगा बसल्या आहेत, जेवण सुरू आहे, आणि यजमान म्हणतो की आता पाच-पाचांच्या रांगा करा. पहिली रांग वगळता बहुतेकांना पान उचलून सरकावे लागेल.

अनेक वर्षे याचे व्यवहारातले उत्तर होते, 'सगळे बाहेर काढा, नवा संच बांधा, पुन्हा आत भरा.' त्यासाठी तेवढीच मोठी दुसरी जागा हाताशी हवी. जिच्यापाशी ती आहे तिला एका डिस्कची चिंता नसते, आणि जिला एका डिस्कची चिंता आहे तिच्यापाशी ती नसते.

चालू संचात पाने सरकवायची तर त्यात एक नाजूक क्षण येतो. तो समजून घेण्यासारखा आहे. नवी पहिली ओळ लिहायची ती जुन्या पहिल्या ओळीच्याच जागेवर. लिहिता-लिहिता वीज गेली तर? जुनी घडी अर्धी मोडलेली, नवी अर्धी बसलेली, आणि ताळा कोणाचाच जुळत नाही. पुढे मात्र हा धोका आपोआप ओसरतो. नव्या ओळी जास्त माल घेतात, त्यामुळे वाचण्याची जागा लिहिण्याच्या जागेपेक्षा हळूहळू पुढे निघून जाते. काही ओळींनंतर ज्या जागी लिहायचे आहे तिथला माल आधीच नव्या घरी पोहोचलेला असतो. तिथे वीज गेली तरी नुकसान नाही, जिथे थांबलो तिथून पुढे चालायचे. म्हणजे साऱ्या प्रवासात धोका असतो तो पहिल्या काही पावलांत.

लिनक्स प्रणालीत हे काम ऑस्ट्रेलियातील नील ब्राउन यांनी बसवले, आणि २००६ च्या २.६.१७ या आवृत्तीपासून पाचव्या पायरीचा संच चालू असतानाच वाढवता येऊ लागला. पहिल्या नाजूक भागाची एक प्रत आधी सुरक्षित जागी ठेवायची, आणि मगच सरकवासरकव सुरू करायची. हा भाग किती मोठा? लहान संचात एखाद-दोन फोटोंएवढा. तेवढ्या जागेची काळजी घेतल्याने लक्षावधी पटीने मोठा संच सुखरूप राहतो.

व्यापारी जगातही प्रयत्न झाले होते. ह्यूलेट-पॅकार्डच्या जॉन विल्क्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'ऑटोरेड' ही व्यवस्था मांडली. तीत कोणत्याही आकाराची डिस्क कधीही खुपसावी आणि आतली मांडणी यंत्राने सवडीने आपली आपण करून घ्यावी, अशी कल्पना होती. व्हेरिटास कंपनीच्या व्हॉल्यूम मॅनेजरमध्येही चालू संचाची घडी बदलण्याची सोय होती. या कंपनीचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते, आणि साठवणीच्या या शास्त्रात पुण्याच्या अभियंत्यांच्या पिढ्या घडल्या त्यात त्या केंद्राचा वाटा आहे. पण ही उत्पादने बँका, दूरसंचार कंपन्या आणि सरकारे यांच्यासाठी होती. तालुक्याच्या वाचनालयाने त्यांचे नावही ऐकलेले नसते.

मधल्या काळात 'रेड' शब्दाच्या पोटातही एक बदल झाला. उद्योगाने त्यातील 'स्वस्त' हा शब्द काढून तिथे 'स्वतंत्र' बसवला. दोन्हींचे इंग्रजी आद्याक्षर एकच, त्यामुळे नाव तेच राहिले. महाग यंत्र विकणाऱ्याला आपल्या वस्तूच्या नावात 'स्वस्त' कसे परवडेल? मूळ निबंधाचा गाभाच त्या शब्दात होता, हे मात्र विसरले गेले.

कोणी किती हलायचे?

याच काळात दुसरीकडे वेगळ्याच दिशेने विचार चालू होता. तो थोडक्यात सांगतो. शाळेत वीस मुलांना चार वर्गांत वाटायचे आहे. हजेरी क्रमांकाला चाराने भागून जी बाकी राहील तो वर्ग. पाचवा वर्ग सुरू झाला आणि पाचाने भागू लागलो, तर वीसपैकी चारच मुलांचा वर्ग तोच राहतो. सोळा मुलांना दप्तर उचलावे लागते. खरे तर पाचवा वर्ग भरायला चारच मुले हलली तरी पुरे होते!

१९९७ मध्ये एमआयटीतील डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लेविन आणि सहकाऱ्यांनी याला उत्तर देणारी वाटपाची रीत मांडली. तीत नवा घटक आला की त्याच्या वाट्याचीच माहिती हलते. ती मुळात इंटरनेटवरील गर्दी वाटून देण्यासाठी होती. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील सेज वाइल यांनी 'सेफ' या साठवण-व्यवस्थेसाठी त्याच हेतूची 'क्रश' ही रीत दिली. आज हजारो डिस्कांची मोठमोठी कोठारे अशा रीतींवर चालतात. तिथे रोज डिस्क येतात आणि जातात, कोणाला पत्ताही लागत नाही. पण त्यासाठी एक सर्व्हर पुरत नाही, अनेक लागतात. त्यामुळे वाढीचा प्रश्न वरच्या टोकाला सुटला आणि खालच्या टोकाला तसाच राहिला.

वीस वर्षांची वाट

आता माझ्या संचाकडे येतो. तो झेडएफएस या पद्धतीचा होता. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी तिचे काम २००१ मध्ये सुरू केले आणि २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. बॉनविक यांचे म्हणणे असे होते, की संगणकात मेमरीची पट्टी बसवली की ती आपोआप वापरात येते, मग डिस्कच्या बाबतीत इतका उपद्व्याप का? सगळ्या डिस्क एका सामायिक कोठारात टाकाव्यात आणि लागेल तशी जागा घ्यावी. लिहिलेला प्रत्येक तुकडा वाचताना तपासला जातो, ही तिची दुसरी थोरवी. जुन्या कागदांचे काम करणाऱ्याला तीच मोलाची वाटते.

या कोठारात डिस्कांचे गट असतात, आणि ताळा गटापुरता असतो. कोठारात नवा गट घेता येत होता, अगदी एका आज्ञेत. आधीच्या गटात मात्र एक डिस्क वाढवता येत नव्हती. मी २०१५ मध्ये जी आज्ञा दिली तिचा खरा अर्थ 'या चौघींत पाचवी घ्या' असा नव्हता. 'हिच्या एकटीचा दुसरा गट करा' असा होता. एकटीच्या गटाला ताळा कुठला? आणि लिखाण दोन्ही गटांत विखुरले जात असल्यामुळे एक गट मेला की कोठार मेले. पहिला गट ताळ्याच्या जातीचा असल्यामुळे ती एकटी डिस्क पुन्हा काढून घेण्याचीही सोय नव्हती. यंत्राने नकार दिला होता तो याच कारणासाठी.

ही उणीव कर्त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. पण सनचे गिऱ्हाईक कोण? जे एका वेळी डिस्कांचे अख्खे खण विकत घेत, ते. त्यांना नवा गट सहज परवडे. आपल्याकडे पैसेवाला एकदम इमारत उभी करतो, आणि बाकीच्यांचे घर एकेका खोलीने वाढते. एका खोलीने वाढणाऱ्यांची मागणी त्या दालनात पोहोचायला वेळ लागला.

मधे सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. खुल्या शाखेचे काम निरनिराळ्या गटांनी चालू ठेवले, आणि २०१३ मध्ये ओपन झेडएफएस या नावाने ते एकत्र आले. २०१७ मध्ये आरेन्स यांनीच गटात एक डिस्क वाढवण्याची योजना जाहीर केली. फ्रीबीएसडी फाउंडेशनचे साहाय्य तिला होते. २०२१ मध्ये आज्ञावली तपासणीसाठी मांडली गेली. मग इतरांनी ती पुरी करून नोव्हेंबर २०२३ मध्ये मुख्य प्रवाहात घेतली, आणि जानेवारी २०२५ मध्ये २.३ या आवृत्तीतून ती लोकांच्या हाती आली. २००५ ते २०२५, वीस वर्षे!

तिची रीत मला विशेष आवडली. यंत्र जुना माल क्रमाने उचलून पाचही डिस्कांवर पसरते, पण जुने ताळे नव्याने मांडत नाही. तीनास एक या प्रमाणात लिहिलेले तसेच राहते, नवे लिखाण चारास एक या प्रमाणात होते. जुन्या खतावण्या जुन्या पद्धतीतच ठेवून नवी वही नव्या पद्धतीने सुरू करावी, तसे. त्यामुळे जागा अपेक्षेपेक्षा थोडी कमी वाढल्यासारखी वाटते, पण काम साधे आणि सुरक्षित होते. पहिल्या नाजूक पावलांसाठी डिस्कच्या आरंभी राखून ठेवलेली मोकळी जागा वापरली जाते. वीज गेली तर पुन्हा सुरू झाल्यावर काम थांबले तिथून पुढे चालते.

पुन्हा पाचवी डिस्क

गेल्या उन्हाळ्यात आमचे कपाट पुन्हा भरले. २०१६ नंतर आम्ही चार नव्या डिस्कांचा संच केला होता. या वेळी मी घाई केली नाही. आधी सगळ्या पानांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन दुसऱ्या गावी एका स्नेह्यांच्या कपाटात ठेवली. कारण कितीही ताळे असले तरी आग, चोरी आणि माझ्यासारख्याची सक्ती यांपासून ते वाचवू शकत नाहीत. मग नवी आवृत्ती बसवली, आज्ञा तीन वेळा वाचली, आणि वाचनालयाच्या इन्व्हर्टरची बॅटरी तपासून एका शनिवारी संध्याकाळी पाचवी डिस्क जोडली.

काम रविवारी दुपारपर्यंत चालले. रात्री दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा इन्व्हर्टरने सांभाळून घेतले. पडद्यावर टक्केवारी हळूहळू चढत होती, आणि आमची पाने, ज्ञातिपत्रे, शाळांचे अहवाल, नाटकांच्या जाहिराती, एकेक करून पाचव्या डिस्ककडे सरकत होती. पूर्ण झाल्यावर मी प्रत्येक तुकडा तपासून पाहण्याची आज्ञा दिली. एकही चूक निघाली नाही.

त्या शिक्षकांची पत्रे यात नाहीत. त्यांच्या मुलीने मध्यंतरी विचारले, तेव्हा घडले ते सगळे तिला सांगितले. ती म्हणाली, "काका, आमच्याकडूनही गेलीच की ती." तिने नंतर घरात शोधून वडिलांची दोन पोस्टकार्डे आणून दिली. ती आता स्कॅन करून संचात ठेवली आहेत, आणि त्यांची प्रत त्या दुसऱ्या गावच्या कपाटातही आहे.